लहान मुलाला अँटिबायोटिक देताना: बाटली, माप आणि वेळ

डॉक्टरांनी तपासून मुलाला जिवाणूसंसर्ग असल्याचे सांगितले आणि अँटिबायोटिक लिहून दिले, की औषध कोणते हा प्रश्न संपतो. ते पोटात नेमके किती जाणार, हे मात्र घरीच ठरते. प्रौढांच्या गोळीत मात्रा ठरलेली असते, तर मुलांच्या औषधात पावडरीत पाणी मिसळण्यापासून टोपणाने मोजण्यापर्यंतचे प्रत्येक काम आईवडिलांच्या हातून होते. त्यामुळे पुढील मजकुराचा मोठा भाग बाटली आणि मापाविषयी आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. सर्दी, साधा खोकला आणि बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात व त्यांवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून किंवा थोरल्या भावंडाची उरलेली बाटली काढून उपचार सुरू करू नयेत. वेष्टनावरची उभी लाल रेघ हेच सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी मुलाचे त्या दिवशीचे वजन चिठ्ठीवर लिहिले आहे का, हे पाहावे, कारण मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. यापूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठला असेल, तर न विचारताही ते सांगावे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरचा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी जुळवावा. अमॉक्सिसिलिनचेच उदाहरण घेतले, तर एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते आणि दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी पहिली बाटली गृहीत धरून ५ मिली लिहिले आणि दुकानदाराने दुसरी दिली, तर मुलाला प्रत्येक वेळी दुप्पट औषध जाईल. कंपनी बदलून दिली तरी चालते, पण ताकद बदलली असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय पहिला डोस देऊ नये.

ड्राय सिरपची, म्हणजे पाणी मिसळून तयार करायच्या पावडरीची, बाटली आधी उभी धरून हलकेच ठोकावी, म्हणजे तळाशी बसलेली पावडर सुटी होते. खोक्यात निर्जंतुक पाण्याची कुपी असल्यास तेच पाणी वापरावे, नसल्यास उकळून पूर्ण गार केलेले पाणी घ्यावे. कोमट किंवा गरम पाणी चालत नाही. पाणी एकदम न भरता प्रथम खुणेच्या बरेच खाली राहील इतके घालावे, झाकण लावून बाटली जोरात हलवावी, फेस बसू द्यावा आणि मग बाटलीवरच्या बाणापर्यंत किंवा रेघेपर्यंत उरलेले पाणी घालावे. पावडर विरघळली की पातळी खाली जाते, आणि पहिल्याच वेळी खुणेपर्यंत भरून थांबलेल्या माणसाच्या हाती ठरल्यापेक्षा दाट औषध राहते. खुणेच्या वर पाणी गेले तर औषध पातळ होते आणि डोस अपुरा पडतो. पाणी मिसळल्याची तारीख बाटलीवर लगेच लिहून ठेवावी.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकचे पाणी घालून तयार केलेले मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि ७ दिवसांनंतर वापरता येत नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिनचे मिश्रण फ्रिजमध्ये घट्ट होते, म्हणून ते बाहेरच ठेवतात. तेव्हा सरसकट नियम न लावता लेबल वाचावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कोणतेही सिरप ठेवू नये.

आता बाटल्यांचा हिशेब. ५ मिली दिवसातून दोनदा आणि ५ दिवस, म्हणजे ५० मिली औषध लागते. ३० मिलीची एक बाटली तिसऱ्या दिवशी रात्री संपते. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला, असा समज अनेक घरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे. दोन्ही बाटल्या एकदम आणाव्यात, पण दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घालावे.

प्रत्येक डोसपूर्वी बाटली हलवावी, अन्यथा सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट जातात. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नये, कारण एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्यासारखा नसतो. टोपणाने मोजताना ते सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर पाहावे. तान्ह्या बाळासाठी सुई नसलेली, तोंडाने औषध देण्याची सिरिंज सर्वांत भरवशाची ठरते. बाळाला अर्धवट बसवावे, सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि थोडे थोडे औषध सोडावे. आडवे झोपवून, नाक दाबून औषध ओतण्याची जुनी रीत सोडलेलीच बरी, कारण त्यात ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नये. बाळाने अर्धेच दूध प्यायले, तर किती औषध पोटात गेले हे कळत नाही. एक वर्षाखालील बाळाला कडवटपणा घालवण्यासाठी मधही चाटवू नये.

दिवसातून दोनदा म्हणजे साधारण बारा तासांच्या आणि तीनदा म्हणजे आठ तासांच्या अंतराने, असे धरावे. डोस चुकला, तर आठवताच द्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा आणि दोन्ही कधीही एकत्र देऊ नयेत. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तोच डोस पुन्हा देता येतो, पण दुसऱ्यांदाही उलटी झाल्यास डॉक्टरांना विचारावे.

अँटिबायोटिक हे तापाचे औषध नव्हे, त्यामुळे पहिल्या दिवशी ताप आला म्हणून घाबरून औषध बदलायला लावू नये. दोन दिवस पूर्ण डोस देऊनही सुधारणा नसेल, किंवा मूल मलूल होत चालले, पाणीही पिईना, तर पुन्हा दाखवावे; दुसऱ्या परिस्थितीत दोन दिवस थांबूच नये. ताप उतरला तरी औषध आपल्या मनाने बंद करू नये. स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेल्या घशाच्या संसर्गात अमॉक्सिसिलिन १० दिवस देतात, ते घसा दुखायचा थांबल्यानंतरही, कारण उपचार अपुरा राहिल्यास पुढे संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपांना इजा पोहोचू शकते.

या औषधांनी पातळ शौच होणे नेहमीचे आहे. पाणी व ओआरएस देत राहावे. शौचातून रक्त पडले तर मात्र लगेच दाखवावे. अंगावर गांधी उठल्या, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांशी बोलावे. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. असे घडल्यास त्या औषधाचे नाव, तारीख आणि काय झाले ते मुलाच्या लसीकरण कार्डावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात ते दाखवता येईल.