गावाची नगरपंचायत करायचीय? मग आधी दप्तर बाहेर काढा

आपल्या खान्देशात बाजारपेठेच्या मोठ्या गावांमधे ही चर्चा कायम असते, की शेंदुर्णीची झाली, बोदवड मुक्ताईनगरची झाली, साक्री शिंदखेडा झालं, तिकडे धडगावची झाली, वरणगाव नशिराबादची तर थेट नगरपरिषद झाली, मग आपलीच ग्रामपंचायत अजून का? आमच्या गावात हे सगळं होऊन गेलं, मी तेव्हा कागद घेऊन तहसीलच्या चकरा मारणाऱ्यांमधे होतो, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतोय, कोणाच्या तरी कामाला येईल.

आधी गाव बसतं का ते पहा. कायदा आहे १९६५ चा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. नगरपंचायतीला लोकसंख्या १० हजार ते २५ हजार पाहिजे आणि बिगरशेती कामात असलेले लोक कमीत कमी २५ टक्के पाहिजेत. लोकसंख्या २५ हजाराच्या वर असली तर नगरपरिषद, पण तिथे बिगरशेतीची अट ३५ टक्के आहे. तालुक्याच्या गावांचं वेगळं, २०१४ मधे सरकारनेच तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यामुळे त्यांची गाडी पुढे गेली. बाकीच्यांना आकडे दाखवावे लागतात.

हे २५ टक्के बऱ्याच जणांना अंदाजानेच माहीत असतात, आमच्याकडे पण सुरुवातीला सगळे "अरे निम्मं गाव दुकानदार आहे" असं म्हणत होते. असं चालत नाही भो. जनगणनेच्या तक्त्यात काम करणाऱ्यांचे चार प्रकार असतात, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. शेवटचे दोन मिळून जे येतं ते बिगरशेती. समजा गावात काम करणारे ६,००० आणि त्यात शेतकरी १,५००, शेतमजूर २,७००, तर उरले १,८०० म्हणजे ३० टक्के, बसलं गाव. आणि इथेच आपल्या भागातली एक अडचण, कापसाच्या जिनिंगमधे सहा महिने राबणारा, केळीच्या गाड्या भरणारा, मार्केटात हमाली करणारा माणूस प्रगणक दारात आला की नुसतं "मजुरी" म्हणून मोकळा होतो आणि शेतमजुरात मोजला जाऊ शकतो. पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ धरलेली आहे, तेव्हा गल्लीगल्लीत सांगून ठेवा की जे काम करता तेच नीट सांगा. खोटं काही सांगायचं नाही, फक्त पूर्ण सांगायचं. आणि जनगणनेच्या वेळी गावांच्या हद्दी गोठवलेल्या असतात, त्या काळात नवीन काही होत नाही, मग त्या वेळेत घरची तयारी करायची.

आता ग्रामसभा. ठराव घ्यायचाच, पण वीस लोकांच्या सह्यांवर नका घेऊ, दवंडी द्या, वस्त्यांवर, तांड्यावर, भिलाटीत म्हणजे भिल्ल वस्तीत जाऊन सांगा. आणि काय मिळणार ते सांगता तसं काय जाणार ते पण सांगा, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात जास्त लपवली जाते. रोजगार हमीची कामं ग्रामीण भागासाठी असतात, ती जातात. ग्रामीण घरकुल यादीत नाव असलेल्यांना शहरी घरकुलाच्या रांगेत नव्याने उभं राहावं लागतं, म्हणून ज्यांचं घरकुल मंजूर आहे त्यांचं काम आधी मार्गी लावा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला गावाचं मतदान राहत नाही. आणि ग्रामसभा जाते. आमच्या सभेत एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग आमनी ग्रामसभानं काय व्हई?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. वर्षातून चार वेळा ज्या बाईला उभं राहून सरपंचाला विचारता येत होतं तिला आता नगरसेवकाच्या दारात जावं लागतं. नंदुरबारकडच्या, धुळ्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांनी तर हे दहादा तोलून पहावं, कारण पेसामधे, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात, ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते ग्रामसभेलाच आहेत, नगरपंचायतीच्या सभागृहाला नाहीत.

तरी गावाचं ठरलं तर प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो. सोबत ठराव, लोकसंख्या, कामगारांचे आकडे, गट नंबरसहित हद्दीचा नकाशा, ग्रामपंचायतीचं उत्पन्न, मालमत्तांची यादी असं सगळं जोडा. सरकारला पटलं की राजपत्रात उद्घोषणा निघते आणि हरकतींना कमीत कमी ३० दिवस मिळतात, हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची, कारणासहित. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून काही होत नाही. हद्दीत कोणती वस्ती घेतली, कोणती सुटली ते याच महिन्यात पहा, आमच्याकडे शिवारातली एक वस्ती कागदावर धड इकडे ना तिकडे अशी झाली होती आणि ते दुरुस्त करायला फार पायपीट झाली.

अंतिम अधिसूचना निघाली की सरपंच, सदस्य सगळं संपतं आणि प्रशासक बसतो, बहुतेक ठिकाणी तहसीलदार. हा काळ महिन्यांचा असतो तसा वर्षांचा पण होऊ शकतो, त्यामुळे ग्रामपंचायत असतानाच दप्तर नीट करून ठेवा. यात तीन गोष्टी.

पहिली नमुना ८, म्हणजे घरांची आकारणी नोंदवही. बापाच्या नावावरचं घर मुलांच्या नावावर नाही, वाढलेल्या खोल्यांची नोंद नाही, असं प्रत्येक गावात असतं, ते आधीच दुरुस्त करून घ्या कारण पुढे नगरपंचायत चतुर्वार्षिक आकारणी करते तेव्हा हीच वही हातात असते. घरपट्टी वाढणार, हे पण लोकांना खरं सांगा.

दुसरी ग्रामपंचायतीच्या जागा. गावठाण, खुल्या जागा, बाजारपट्टा, स्मशानभूमी, गाळे, विहिरी, प्रत्येकाचा उतारा काढून एका फाईलीत लावा. नंतर विकास आराखडा होतो, त्यात मैदान, रस्ता, शाळा यांच्यासाठी जागा राखून ठेवतात, म्हणजे आरक्षणं पडतात, आणि गावाची स्वतःची जागा कागदावर दिसली नाही तर आरक्षण एखाद्या दोन एकरवाल्याच्या केळीच्या मळ्यावर जाऊ शकतं.

तिसरी, आणि माझा जीव जिथे तुटतो ती, म्हणजे कर्मचारी. पाणी सोडणारा, गटारी काढणारे, दिवाबत्तीवाला, क्लार्क. यांचं नगरपंचायतीत समावेशन होतं पण ते मंजूर पदं, शिक्षण आणि कागद पाहून होतं. आपल्या गावांमधे वीस वीस वर्षं काम करणारा माणूस तोंडी सांगून ठेवलेला असतो, ना ठराव ना नेमणूक पत्र, पगार व्हाउचरवर. आमच्या गावात पहाटे चारला व्हॉल्व्ह खोलणारा एक काका असाच बाहेर राहिला, त्याच्या नावाचा एक ठराव सापडला असता तर निदान भांडता आलं असतं. म्हणून प्रत्येकाचा नेमणुकीचा ठराव, हजेरी, पगाराची नोंद, भविष्य निर्वाहाचा हिशोब शोधा, झेरॉक्स त्यांच्या घरी पण द्या.

पाण्याच्या योजनेचं पण विचारून घ्या. ग्रामीण योजनेतून टाकी अर्धी बांधलेली असताना गाव शहरी झालं तर उरलेला पैसा कुठून येणार, पाइपलाइन कोणाच्या ताब्यात, लाइट बिल कोण भरणार, हे लेखी घ्या. दहा दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हा साधा प्रश्न नाही.

मग निवडणूक. नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकातून एक नगरसेवक, अध्यक्ष सध्या थेट जनतेतून. प्रभाग रचनेचा मसुदा लागतो तेव्हा त्यावर हरकत घेता येते, नंतर आरक्षणाची सोडत, निम्म्या जागा महिलांना. मतदार यादी विधानसभेच्याच यादीतून फोडतात, त्यामुळे तुमचं नाव आधी विधानसभेच्या यादीत पाहिजे आणि प्रारूप यादीत शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर मुदतीत अर्ज द्या, मतदानाच्या दिवशी ओरडून फायदा नाही. उभं राहायचं असेल तर वय २१ पूर्ण, घरपट्टी पाणीपट्टी थकबाकी नको, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नको, घरी शौचालय पाहिजे. राखीव जागेवर असाल तर जात पडताळणीचं काम आत्ताच सुरू करा, बऱ्याच चांगल्या बायांची उमेदवारी या एका कागदासाठी अडकते.

निवडून आलात तर पहिल्याच आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांकडून हस्तांतरणाची यादी मागा, ग्रामपंचायतीकडून काय काय ताब्यात आलं ती, आणि तुमच्याकडच्या फाईलीशी एकेक ओळ लावून पहा. जे जुळणार नाही ते पहिल्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि दर तीन महिन्यांनी आपल्या प्रभागातल्या लोकांना मारुतीच्या पारावर बोलवा, जमाखर्च वाचून दाखवा, त्या आजीला पुढे बसवा.