कोळशात शेतातला कचरा मिसळून जाळायचाय? आधी ओलावा आणि राख बघा

बॉयलरला कोळसा लागतोच आणि पऱ्हाटी, तुराट्या, पेंढा, तूस असलं काहीतरी स्वस्तात मिळत असतं, मग थोडं मिसळून जाळू असं डोक्यात येतंच, आणि विचार चांगला आहे. पण पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, किती टक्के मिसळू? टक्के नंतर ठरतात. आधी माल काय आहे, त्यात पाणी किती आणि जळून राख किती उरते हे कळलं पाहिजे, कारण 5 टक्के चुकीचा माल टाकून जेवढा त्रास होतो तेवढा 15 टक्के चांगला माल टाकून होत नाही.

मालाचं बोलू. पऱ्हाटी आणि तुराट्या म्हणजे लाकडासारखंच प्रकरण, राख कमी आणि सुकलेल्या मालाचा उष्मांक (जळून मिळणारी उष्णता) किलोला साधारण 4000 किलोकॅलरीच्या आसपास, सुरुवात करायची तर यांच्यापासूनच करा. शेंगांची टरफलंही चांगली. तुसात राख 15 ते 20 टक्के असते आणि त्यातली बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, ती सहजी वितळून चिकटत नाही पण ट्यूबा, डक्ट, फॅनची पाती घासून खाते, त्यामुळे जास्त तूस टाकणाऱ्याने ट्यूबांची जाडी मोजत राहायचं. सगळ्यात जपून वापरायचा तो पेंढा. त्यात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असतं, त्यामुळे राख 800 डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागू शकते, कोळशाची राख मात्र बहुतेक वेळा 1100 च्या वर गेल्याशिवाय मऊ होत नाही. म्हणजे जी भट्टी कोळशावर वर्षानुवर्षं नीट चाललीय तिच्यातच क्लिंकर (वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे) धरतो, सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांवर) थर बसतो आणि थराखाली क्लोरीन धातू खातं. पावसात धुतला गेलेला पेंढा उलट बरा असतो कारण पोटॅशियम आणि क्लोरीन पाण्याबरोबर निघून जातं, फक्त तो नंतर नीट वाळवायला हवा. कोळशातल्या गंधकाचाही इथे थोडा फायदा होतो, ते पोटॅशियमला बांधून घेतं, म्हणून पेंढा एकटा जाळण्यापेक्षा कोळशाबरोबर जाळलेला थोडा कमी त्रास देतो.

आता ओलावा, आणि हे घरच्याघरी मोजता येतं, लॅब लागत नाही. ढिगाच्या वरून, मधून, तळातून असं पाच-सहा जागचं मूठ-मूठ घ्या (फक्त वरचं वाळलेलं घेऊन स्वतःलाच फसवू नका), बारीक करून एकत्र करा आणि त्यातलं 1 किलो ओव्हनमध्ये 105 डिग्रीला ठेवा, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. 1000 ग्रॅमचे 850 राहिले तर ओलावा 15 टक्के. सुटा माल 15 च्या खाली असावा, ब्रिकेट (दाबून केलेली कांडी) करायची असेल तर 8 ते 12 पाहिजे. 40 टक्के ओल्या मालाच्या एका टनात 400 लिटर पाणीच असतं आणि प्रत्येक लिटरची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी तुमच्याच भट्टीतून जाते. खरेदी करताना वजनाने नाही तर सुक्या वजनाने भाव लावा, एवढं एक केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

सुटा पेंढा किंवा भुसा थेट कोळशाच्या ढिगावर ओतू नका. सुटा पेंढा घनमीटरला 40 ते 80 किलो भरतो आणि कोळसा 800 च्या आसपास, त्यामुळे हे दोन कधीच नीट मिसळून राहत नाहीत, हॉपरमध्ये (भट्टीला माल सोडणाऱ्या टाकीत) हलकं वर आणि जड खाली होतं, एकदम नुसता कोळसा येतो मग एकदम नुसता भुसा येतो. त्यातून हलका भुसा हवेच्या झोताने अर्धवट जळत वर उडतो, आणि धुरातली राख कापडी पिशव्यांत अडवणारा बॅग फिल्टर असेल तर त्या ठिणग्या पिशव्या जाळतात. म्हणून ब्रिकेट किंवा पेलेट (तशाच दाबलेल्या, पण बारीक कांड्या). दाब आणि उष्णतेने मालातलं लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ) मऊ होतं आणि तेच गोंदाचं काम करतं, वेगळा डिंक-बिंक घालायची गरज पडत नाही. पेलेट घनमीटरला 600-700 किलो भरतं, म्हणजे कोळशाच्या बऱ्यापैकी जवळ. फक्त पाणी लागलं की दोन्हीचा परत भुसा होतो, छप्पर पाहिजेच. आणि ब्रिकेट करण्याआधी माती, दगड, सुतळी, प्लास्टिक, तारेचे तुकडे काढा, चुंबक बसवा, जमिनीवरून ओढून गोळा केलेल्या मालात मातीमुळेच राख वाढलेली असते.

हिशोब उष्णतेवर करा. समजा कोळसा किलोला 4500 किलोकॅलरीचा आणि ब्रिकेट 3600 ची आहे. 100 किलो मिश्रणात 90 कोळसा आणि 10 ब्रिकेट घेतली तर उष्णता 4,05,000 अधिक 36,000, म्हणजे 4,41,000 किलोकॅलरी. वजनाने 10 टक्के टाकलं पण उष्णतेत ब्रिकेटचा वाटा 8 टक्केच आला, आणि 100 किलो कोळशाएवढी उष्णता हवी तर 102 किलो मिश्रण लागणार. फीड तेवढं वाढवावं लागतं, नाहीतर स्टीम प्रेशर पडलं की सगळा दोष ब्रिकेटवर येतो.

मिसळताना लोडरने थर देऊन उलटंपालटं करणं चालतं, पण जमलं तर दुसरा हॉपर लावून बेल्टवरच प्रमाणात सोडा, ते जास्त भरवशाचं. वजनाने 5 टक्क्यांपासून सुरू करा, काही दिवस चालवा, मग 10. मोठ्या पल्व्हराइज्ड भट्टीत, म्हणजे जिथे कोळसा मिलमध्ये दळून पूड करून जाळतात तिथे, फार बदल न करता एवढंच साधारण जमतं, कारण मिल कोळसा फोडते पण पेलेटचे तंतू दळत नाही, मिलमधली गरम हवाही कमी तापमानावर ठेवावी लागते नाहीतर आत आग लागू शकते. 200 ते 300 डिग्रीला हवेशिवाय भाजलेला माल, म्हणजे टॉरिफाइड, ठिसूळ होतो आणि कोळशासारखा दळला जातो, त्याचं प्रमाण जास्त नेता येतं.

हवेचं सेटिंग बदलायला विसरू नका, हे फार जण विसरतात. शेतातल्या मालात वायू होऊन जळणारा भाग 65 ते 80 टक्के असतो, कोळशात त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे आग जाळीवर कमी आणि जाळीच्या वर जास्त. खालची हवा थोडी कमी करून वरची सेकंडरी हवा वाढवा. काळा धूर आला तर वर हवा कमी पडतेय, ऑक्सिजन मीटर असेल तर त्यावर विश्वास ठेवा. भट्टीत जाळीऐवजी हवेने उसळत्या गरम वाळूचा बेड असेल तर पेंढा चालू असताना तापमान त्याची राख मऊ पडते त्याच्या खाली ठेवा, नाहीतर बेडचा गोळा होतो. चिमणीकडे जाणाऱ्या गॅसचं तापमान रोज लिहा, ते हळूहळू चढत असेल तर ट्यूबांवर थर बसतोय, लगेच प्रमाण कमी करा आणि साफ करा.

साठवणीत जीवाचा प्रश्न आहे म्हणून हे नीट वाचा. ओला ढीग आतून आपोआप तापतो, आधी जंतूंमुळे आणि मग रासायनिक क्रियेने, आणि स्वतःच पेटतो. ढीग लहान ठेवा, मधे जाता येईल एवढी वाट ठेवा, आत लोखंडी सळई घालून काढून हात जवळ नेऊन बघा, गरम लागली तर ढीग फोडा पण पाणी आणि माणसं तयार ठेवूनच. उडालेली बारीक धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते, तुळयांवर, मोटरींवर साठू देऊ नका. बंद सायलोत (साठवणीच्या उंच टाकीत) पेलेट असतील तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि ऑक्सिजन कमी होतो, वास येत नाही, मीटर लावल्याशिवाय आणि बाहेर माणूस ठेवल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका, एक मिनिटासाठीही नाही.

सुरू करायच्या आधी बॉयलरच्या आणि प्रदूषणाच्या परवानगीत इंधन म्हणून काय लिहिलंय ते बघून घ्या. आणि राखेचं गिऱ्हाईक, सिमेंटवाले असोत की विटावाले, त्यांना नवीन राखेचा नमुना आधी द्या, पोटॅशियम आणि न जळलेला कार्बन वाढला तर ते माल परत पाठवतात. नुसत्या पऱ्हाटीची राख शेतात टाकतात ते ठीक, पण कोळसा मिसळलेली राख तशी टाकू नका, त्यात आर्सेनिक, शिसं यांसारखं काही असू शकतं, तपासणी करूनच काय ते ठरवा.