काउंटीचे रस्ते सांभाळताना: नव्याने येणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरसाठी

महाराष्ट्रात सिव्हिल करून अमेरिकेत एमएसला आलेली मुलंमुली मला अधूनमधून फोन करतात. बहुतेकांच्या डोक्यात डिझाइन कंपनी असते. काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पब्लिक वर्क्स खात्यातही नोकरी असते, हे अनेकांच्या गावीही नसतं. कॅलिफोर्नियातल्या एका लहान, डोंगराळ काउंटीत मी अकरा वर्षं काढली, त्यातली शेवटची चार खात्याची संचालक म्हणून. त्यांना फोनवर जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हद्द समजून घ्या. आपल्याकडे राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. इथली वाटणीही साधारण तशीच आहे. राज्याचे महामार्ग कॅलट्रान्स या राज्याच्या वाहतूक खात्याकडे, शहरातले रस्ते त्या त्या शहराकडे, आणि कुठल्याच शहराच्या हद्दीत न मोडणाऱ्या वस्त्या, मळे आणि डोंगर यांतले रस्ते काउंटीकडे. खड्ड्यात गाडी आदळलेल्या माणसाला ही वाटणी माहीत नसते आणि असायची गरजही नाही. म्हणून ‘हा रस्ता आमचा नाही’ एवढंच सांगून फोन ठेवायचा नाही, हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला. रस्ता ज्यांचा असेल त्यांना फोन जोडून द्यायचा आणि तक्रार पोचली की नाही ते बघायचं.

परवान्याचं थोडक्यात सांगते. एफईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मूलतत्त्वांची, ११० प्रश्नांची परीक्षा शिक्षण ताजं असतानाच देऊन टाका. पुढे अनुभव जमला की पीई, म्हणजे व्यावसायिक इंजिनिअरच्या परवान्याची परीक्षा. कॅलिफोर्नियात पीईच्या जोडीला भूकंपरोधक रचना आणि सर्वेक्षण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सर्वेक्षणाची हलक्यात घेऊ नका, मी पहिल्या खेपेला त्यातच नापास झाले होते. आणि व्हिसाचं आधीच विचारून घ्या. मी ज्या दोन काउंट्यांना विचारलं, त्यांनी प्रायोजक व्हायला नकार दिला. ग्रीन कार्ड हाती आल्यावरच मला काउंटीत शिरता आलं.

आता खऱ्या कामाकडे येते. संचालक झाल्यावर सगळ्यात अवघड गेलं ते पैसे कुठे घालायचे हे ठरवणं. रस्त्यांचा पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येतो. २०१७ साली राज्यात एसबी १ हा कायदा झाला, पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १२ सेंटनी वाढला आणि काउंट्यांना जरा श्वास घेता आला. त्या पैशाचा वाटा हवा असेल तर कोणत्या रस्त्यांवर काम करणार याची यादी दरवर्षी बोर्डाकडून, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडून, मंजूर करून राज्याच्या ट्रान्स्पोर्टेशन कमिशनकडे पाठवावी लागते. ही यादी करताना संचालकाचा कस लागतो.

प्रत्येक रस्त्याला ० ते १०० असा पीसीआय, म्हणजे पृष्ठभागाच्या स्थितीचा आकडा असतो. रस्ता पहिली काही वर्षं हळूहळू उतरतो आणि मग एका टप्प्यावर धडाधड कोसळतो. कोसळायच्या आधी डांबर फवारून त्यावर खडी दाबली, म्हणजे चिप सील केलं, तर थोडक्यात भागतं. एकदा कोसळला की खालच्या थरापासून उकरावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे पैसा कमी असताना बऱ्या रस्त्यांना आधी सील करणं हाच शहाणपणाचा मार्ग. सगळ्यात वाईट रस्ता आधी धरला, तर त्या एका रस्त्यापायी दहा बरे रस्ते वाईट होतात.

हे गणित मला पूर्ण पटलेलं होतं. पण बोर्डाच्या सभेत एक वयस्कर शेतकरीण उठली. तिच्या दारातल्या रस्त्याची चाळण झाली होती आणि पलीकडचा बरा रस्ता आम्ही त्याच आठवड्यात सील केला होता. बोलायला मिळालेल्या तीन मिनिटांत तिने एवढंच विचारलं, ‘माझ्या नवऱ्याला डायलिसिसला याच रस्त्याने न्यावं लागतं, ते तुमच्या यादीत कुठे लिहिलंय?’ मी आलेख दाखवला. आलेख बरोबर होता, उत्तर चुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेले आणि तिच्याबरोबर तो रस्ता चालले. अख्खा रस्ता करणं शक्य नव्हतंच, पण सगळ्यात वाईट असलेले दोन तुकडे आमच्याच रस्ते-कामगारांच्या टोळीकडून भरून घेतले आणि उरलेला कधी होईल ते वर्षासकट तिला सांगितलं. तेव्हापासून यादी कायम करण्याआधी मी दरवर्षी वगळलेले रस्ते स्वतः गाडीने फिरून येत असे.

यादी करताना एक तांत्रिक बाब विसरू नका. १९९० च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार डांबराचा नवा थर दिला, की त्या रस्त्यावरच्या पदपथांना चौकांत चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून द्यावे लागतात. चिप सील ही देखभाल धरली जाते, तिला ही अट लागत नाही. अंदाजपत्रकात उतार धरायचे राहिले आणि निविदा निघाल्यावर लक्षात आलं, तर वर्षाचं सगळं गणित विसकटतं.

बोर्डावर पाच सुपरवायझर असतात, निवडून आलेले. त्यांच्याशी वागताना १९५३ चा ब्राउन कायदा, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभा खुल्या ठेवण्याचा कॅलिफोर्नियाचा कायदा, पाठ हवा. सभेचा विषय किमान ७२ तास आधी जाहीर झाला पाहिजे आणि सभेबाहेर बहुमताने काही ठरवता येत नाही. इथे नवा अधिकारी नकळत फसतो. एका सुपरवायझरचं मत दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, की तुमच्यामार्फतच बेकायदा चर्चा घडते. प्रत्येकाला माहिती जरूर द्या, शंकांची उत्तरं द्या, पण एकाचं मत दुसऱ्याच्या दारात नेऊ नका.

आणि मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे नळ. यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, त्यानंतर देशभरातल्या पुलांची नियमित तपासणी सुरू झाली. पण ती २० फुटांहून लांब पुलांना लागू आहे. रस्त्याखालची चार फुटी लोखंडी मोरी त्या नोंदीत येत नाही. आमच्याकडे अशा मोऱ्या नेमक्या किती आहेत, हे कार्यालयात कोणालाच सांगता येत नव्हतं.

जानेवारी २०२३ च्या वादळी पावसात एका रात्री एक मोरी तुंबली, वरचा भराव वाहून गेला आणि पलीकडच्या वस्तीचा रस्ता तुटला. जीव कोणाचा गेला नाही. पहाटे चिखलात उभं असताना आमचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवणारा सहकारी म्हणाला, ‘ही जाणार हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं, तळ गंजून गेला होता.’ मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही. त्याचं खरं होतं. इथे टोळीतले लोक संचालकाला नावाने हाक मारतात, त्यामुळे आपलं त्यांच्याशी मोकळं बोलणं होतं असा माझा समज होता.

त्या वादळाचा खर्च फेमा या केंद्राच्या आपत्ती-मदत संस्थेकडून मिळवताना कागदपत्रांची किंमत कळली. केंद्राचा वाटा साधारण ७५ टक्के असतो, पण कोणत्या जागी कोणत्या यंत्राने किती तास काम केलं याची रोजच्या रोज नोंद लागते. तातडीच्या कामात कायम कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या तासांचे पैसे मिळत नाहीत, फक्त जादा तासांचे मिळतात. कामाआधीचा फोटो नसेल तर नुकसान वादळाचं की जुनं, हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

उन्हाळ्यात आम्ही मोऱ्यांची नोंद सुरू केली. एक इंजिनिअर, एक टोळीतला माणूस, एक टॅबलेट. जागा, व्यास, गंज, गाळ, फोटो. पहिल्या फेरीला मी त्या ग्रेडरवाल्यालाच बरोबर घेतलं. नकाशा न उघडता त्याने एका दिवसात सतरा मोऱ्या दाखवल्या, त्यातल्या सहा आमच्या कुठल्याही कागदावर नव्हत्या.