स्पॅनिशमधलं ‘गुस्तार’ (आवडणे) सतत चुकत होतं, ते असं सुटलं

‘मला आंबे आवडतात’ म्हणायला गेलं की तोंडातून ‘यो गुस्तो लोस मांगोस’ निघायचं. तक्ते पाठ केले, ॲपवर रोज सराव केला; कागदावर बरोबर, बोलताना पुन्हा ‘यो’, म्हणजे ‘मी’. डोकं पिकलं होतं.

घोळ एवढाच की मी मनात आधी इंग्रजी वाक्य रचत होतो. इथे मराठी सरळ चालते.

आधी मराठी वाक्य म्हणा. मला, तुला, त्याला किंवा तिला, आम्हाला, त्यांना यांच्या जागी मे, ते, ले, नोस, लेस ठेवा. मग आवडणारी वस्तू बघा: एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. वस्तू शेवटी, आर्टिकलसकट (एल, लोस वगैरे). मे गुस्ता एल काफे. मे गुस्तान लोस मांगोस. आवडतो-आवडते-आवडतं ही भानगड नाही, तेवढी सुटका. क्रिया मात्र दोन असल्या तरी गुस्ताच: मे गुस्ता लेएर ई कान्तार (मला वाचायला आणि गायला आवडतं).

नाव आलं की मी अजून अडखळतो. ‘हुआनला चहा आवडतो’ म्हणजे ‘आ हुआन ले गुस्ता एल ते’. ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’, पण ‘ले’ तरीही लागतोच.

दुखणंही याच साच्यातलं: मे दुएले ला काबेसा (माझं डोकं दुखतंय), मे दुएलेन लोस पिएस (माझे पाय दुखतायत).