संक्रांतीची तयारी नाताळच्या सुट्टीतच

मुलांना नाताळची सुट्टी लागली की घरात कामाला हात वाढतात. संक्रांतीची जी कामं मांडी घालून करायची आहेत ती याच आठवड्यात उरकावीत. जी लवकर केल्यानं बिघडतात, ती मात्र कितीही मोकळा वेळ असला तरी हातात घेऊ नयेत. बाकी सगळी तयारी या एका हिशेबावर चालते.

आधी कॅलेंडर उतरवून घ्या. संक्रांत बहुधा १४ जानेवारीला असते, कधी १५ला, २०२३ आणि २०२४ला होती तशी. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि ती मात्र तिथीची, माघ शुद्ध सप्तमीची, त्यामुळे हळदीकुंकवाला मिळणारे दिवस दरवर्षी कमीजास्त होतात. २०२५ साली ती ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे निवांत. २०२६ला २५ जानेवारीलाच आली आणि शनिवार-रविवार दोन-दोनच मिळाले. तारीख ठरली की बिल्डिंगच्या ग्रुपवर लगेच टाका. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडेही असेल तर बिघडत नाही, उलट बायका एका साडीत दोन घरं करतात. रविवार धरला तर डोंबिवली-ऐरोलीहून ठाण्यात येणाऱ्या नातेवाइकांसाठी रेल्वेच्या मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी बघा. ब्लॉक बहुतेक दिवसाउजेडी असतो, म्हणून वेळ पाचनंतरचीच द्यावी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्यांना वेळ देऊन उपयोग नाही, त्या येतील तेव्हा येतील.

सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत माळ्यावरचं सामान काढा. करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, निरांजन हे सगळं पितांबरी लावून मुलांकडून घासून घ्यायचं. काळी साडी कपाटातून काढून उन्हात टाका, फॉल सुटलाय का बघा. ब्लाउज शिवायचा असेल तर डिसेंबरातच टाका. जानेवारीत शिंपी नुसतं ‘बघतो’ म्हणतो. घरात नवी सून असेल किंवा बाळाचं बोरन्हाण असेल तर हलव्याचे दागिने याच वेळी सांगून ठेवायचे. नौपाड्यात, गोखले रोडच्या आसपास तयार संच मिळतात, पण मापाचा मुकुट आणि कंबरपट्टा करून घ्यावा लागतो. घरी हलवा करायची हौस असेल तर वेगळं बोलू: मंद आचेवर परात, चमचाचमचाभर पाक आणि दिवसचे दिवस हात फिरवणं. कोरड्या गार हवेत त्याला काटा चांगला येतो. आपल्याकडची थंडी पहाटेपुरती, तेव्हा पहाटे उठणार असाल तरच त्या भानगडीत पडा.

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी बाजारहाट ठेवू नका. तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या बाजूला गाडी घेऊन जाणं म्हणजे तासभर अडकणं. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर नेवऱ्या, कलकल आणि केकचा डबा येतोच. तो डबा धुऊन ओट्यावर समोर ठेवा. रिकामा परत करायचा नसतो, आणि पंधरा-वीस दिवसांत तिळाच्या वड्या होणारच आहेत, त्या घालून जातो.

मोठी खरेदी जांभळी नाक्यावर, सकाळी दहाच्या आत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. तीळ पॉलिश न केलेले घ्या. दिसायला मळकट, पण चवीला तेच. अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं कूट, वाटीभर डाळं, थोडं सुकं खोबरं, वेलची. गुळपोळीसाठी साधा पिवळा गूळ वेगळा घ्यायचा. चिक्कीचा गूळ पोळीत घातला तर दात आणि पोळी यांतलं एकच शाबूत राहतं. सुगडं तिथेच, कौपिनेश्वराच्या देवळाच्या आसपास मिळतात, पण ती जानेवारी उजाडल्यावर येतात. काळं सुगड आणि त्यावरचं लाल बोळकं पारखून घ्या. टिचकी मारली की खणखणीत वाजायला हवं.

वाण हा घरोघरच्या वादाचा विषय. माझं मत स्पष्ट आहे: प्लास्टिकचे डबे आणि टोपल्या बस झाल्या, प्रत्येकीच्या माळ्यावर त्या पडून आहेत. वापरून संपणारं द्या, कापूर, उदबत्ती, चांगली हळद, साबण. नाहीतर रोज हातात येणारं, चहाची गाळणी, कापडी पिशवी, स्टीलचा चमचा. संख्या काढताना यादीत वरच्या मजल्यावरच्या एकट्या काकूही येतात आणि घरकाम करणाऱ्या मावशीही. नवरा आहे की नाही ही चौकशी आमच्याकडे सासूबाईंनीच बंद केली, त्यामुळे हिशेब सोपा झाला. यादीपेक्षा पाच-सहा नग जास्त घ्या, कुणीतरी बहिणीला घेऊन येतंच.

तिळाचे लाडू सुट्टी संपायच्या आत वळायला हरकत नाही. गरम मिश्रणाला चार हात लागतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात लाडू महिनाभर टिकतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की कडक होऊन टणकन वाजला पाहिजे. आजी-आजोबांसाठी साध्या गुळाच्या मऊ वड्या वेगळ्या करा, आणि त्या मात्र आयत्या वेळी, कारण त्यांचा मऊपणा आठवडाभरच राहतो. नुसते तीळ भाजून, कुटून ठेवू नका, कूट लवकर खवट होतं.

भोगीची तयारी आदल्या तीन दिवसांत, त्याआधी नाही. बाजरी गिरणीतून अगदी शेवटी आणायची, कारण बाजरीत तेल बरंच असतं आणि पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. विकतचं पाकीट घेतलंत तर दळल्याची तारीख वाचा. भाजीसाठी वांगी, गाजर, घेवडा, पावटा, मटार, सोलाणे, ओले शेंगदाणे, दोन बोरं, उसाची दोन करवी. गावदेवी मंडईत सोललेले वाल आणि सोलाणे मिळतात. महाग पडतात, पण कामाच्या दिवशी पावटा सोलत बसण्यापेक्षा परवडतात. भाकरीला वरून तीळ लावायचे, सोबत लोणी आणि मुगाची खिचडी. हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाची लोंबी सुगडांसाठी बाजूला काढायला विसरू नका, भाजीच्या नादात सगळे दाणे कढईत जातात.

गुळपोळीचं सारण दोन दिवस आधी करून ठेवता येतं. गूळ किसून, तीळ-खसखस भाजून कुटलेली, बेसन तेलावर खमंग भाजलेलं, वेलची-जायफळ. करायच्या दिवशी सारण आणि कणीक एकाच घट्टपणाची आहे ना, हे बोटांनी दाबून पाहा. सारण कडक असेल तर पोळी फाटते, सैल असेल तर गूळ तव्यावर येतो. काठापर्यंत सारण गेलं नाही तर मुलं काठ ताटात टाकणार, मग रागावू नका.

मुलं पतंगाचा हट्ट धरतील. नायलॉनच्या मांज्यावर २०१७पासून बंदी आहे, तरी तो विकायला येतो. सुती दोराच आणा, आणि दुचाकीवर पुढे बसलेल्या मुलाच्या गळ्याला या दिवसांत मफलर गुंडाळा.

बोरन्हाणाला चादर अंथरा, पाट ठेवा, बाळाला काळं झबलं घाला. डोक्यावरून टाकायला मुख्यतः चुरमुरे आणि रेवड्या. बोरं मोजकी, उसाची करवी लहान आणि कमी, कारण वरून पडली की लागतात. लहान बाळाच्या हाती बोर किंवा शेंगदाणा गेला तर घशात अडकण्याची भीती असते. म्हणून एका मोठ्या माणसानं फक्त बाळाच्या मुठीकडे बघायचं, फोटो दुसऱ्यानं काढायचे. खाऊ लुटायला आलेल्या मोठ्या मुलांना पिशव्या आधीच वाटून टाका.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी गजरे आणि गुलाब, दुपारी खाण्याची ऑर्डर आणि मसाला दूध. गेटवरच्या वॉचमनला पाहुण्यांची नावं द्या, नाहीतर दर पाच मिनिटांनी मंजुरीसाठी फोन वाजतो आणि तुमचे हात कुंकवाचे. चपलांसाठी दाराबाहेर जुनी सतरंजी टाका. वाण एका टोपलीत दाराजवळ ठेवा, तिळगूळ दुसऱ्या हाताला.

रथसप्तमीला गॅलरीत तुळशीपाशी छोटी शेगडी लावून बोळक्यात दूध उतू घालवायचं. खाली ताट ठेवा, खालच्यांचे कपडे वाळत असतात. उरलेलं वाण त्याच आठवड्यात वाटून टाका. हळद आणि साबण पुढच्या संक्रांतीपर्यंत ठेवले तर एकमेकांच्या वासाचे होतात.