क्रीमच्या चिकन कॅसरोलसोबत काय वाढावे?

आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवण्याचा डबा डोळ्यांसमोर येतो; येथे मात्र क्रीम आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला, पाश्चात्त्य पद्धतीचा चिकनचा पदार्थ अभिप्रेत आहे. हा पदार्थ मऊ, स्निग्ध आणि फिकट असल्यामुळे जोडीला आंबट, कुरकुरीत आणि हिरवे असे काहीतरी हवेच.

प्रथम कॅसरोलमध्ये काय आहे ते पाहावे. त्यात पास्ता, भात किंवा बटाटा आधीच असेल, तर पुन्हा पिष्टमय पदार्थ करू नये. नसेल, तर मोकळा भात किंवा कडक कवचाचा पाव पुरतो, आणि गोव्यात राहणाऱ्यांनी तर सरळ उंडे, म्हणजे तिथले कडक कवचाचे गोल पाव, आणावेत. लोणी घालून घोटलेला बटाटा अनेक जण वाढतात, पण माझ्या मते तो जड होतो.

भाजीसाठी फरसबी उत्तम. शेंगा उकळत्या मिठाच्या पाण्यात 3 ते 4 मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्यात, म्हणजे रंग हिरवागार राहतो आणि दाताखाली कचकन तुटतात. वाढताना वर लिंबू पिळावे. काकडीचे पातळ काप मीठ लावून 10 मिनिटे ठेवावेत, सुटलेले पाणी पिळून काढावे आणि व्हिनेगर, चिमूटभर साखर व मिरपूड घालावी. दह्याची कोशिंबीर मात्र टाळावी, कारण क्रीमवर पुन्हा दही नको.

ओव्हन तापलेलाच असतो. त्यामुळे तेल चोळलेली गाजरे खालच्या कप्प्यात सहज भाजून होतात.