एकाच डोळ्यात लख्ख चमकतंय? पडदा कसा तपासून घ्यावा

पावसाळ्यात वीज गेलेली असताना डोळ्याच्या कडेला काही लखलखलं, तर बाहेर वीज चमकली असंच वाटतं. खिडकीकडे पाठ करा आणि अंधारात नजर झटकन डावीकडून उजवीकडे न्या. पुन्हा चमक आली तर ती डोळ्याच्या आतली.

डोळ्यात जेलीसारखा द्रव असतो. पन्नाशीनंतर तो आक्रसून डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून (रेटिना) सुटतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांत किंवा मोतीबिंदू काढलेल्यांत हे लवकरही होतं. सुटताना पडदा ओढला जातो आणि मेंदूला तो ताण प्रकाश म्हणून कळतो. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं. पण जेली घट्ट चिकटलेली असेल तिथे पडदा फाटतो, त्या फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. यात दुखत काहीच नाही, म्हणून लोक थांबतात.

एक डोळा झाकून चमक कुठल्या डोळ्यातली ते नेहमी कळत नाही, कारण झाकलेल्या डोळ्यातही ती दिसते. काळे ठिपके आणि सावली मात्र अशी जरूर तपासा. चमक क्षणभराची, कमानीसारखी, कानाकडच्या बाजूला असेल तर संशय पडद्यावर. नागमोडी चकाकती रेघ हळूहळू पसरून वीस-तीस मिनिटांत विरली, तर ते बहुधा मायग्रेन. तरी पहिल्यांदाच झालं असेल तर दाखवाच.

नुसती चमक असेल तर एक-दोन दिवसांत तपासणी हवी. अचानक काजळी उडाल्यासारखे ठिपके, कडेने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली, अंधूक दिसणं, डोळ्याला मार, किंवा दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला असणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी. रात्र असेल तर सकाळची वाट न बघता (गोव्यात असाल तर) बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा.

खाजगी दवाखान्यात आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: रेटिनाचे डॉक्टर आज आहेत का, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा कडेपर्यंत बघतील का? काही ठिकाणी ते ठरावीक वारीच येतात. चष्म्याच्या दुकानातली नंबर-तपासणी इथे निरुपयोगी. ओसीटी (पडद्याचा स्कॅन) किंवा पडद्याचा साधा फोटोही मुख्यतः मधला भाग दाखवतो, आणि फाटतं ते बहुधा कडेला. 'रिपोर्ट नॉर्मल' एवढ्यावर परतू नका.

स्कूटर घरी ठेवा. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास उजेड सहन होत नाही. येताना बस, नाहीतर पायलट (मोटारसायकल टॅक्सी). गॉगल, जुना चष्मा, चालू औषधांची यादी न्या. काचबिंदू असेल तर थेंबांआधीच सांगा. डॉक्टर डोक्याला दिवा लावून, भिंगातून बघतात. पापणीवरून बारीक दांडीने दाबतात, ते थोडं जाणवतं. आत रक्त असून पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी.

फाटलेलं सापडलं तर भोवती लेझर करतात, बऱ्याचदा त्याच दिवशी. ते पक्कं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. लेझरने चमक किंवा ठिपके जात नाहीत, तो पडदा वाचवायला असतो. पडदा सुटलाच असेल तर शस्त्रक्रिया. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर एकेक दिवस मोलाचा.

काहीच सापडलं नाही तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा थेंब घालून बघून घ्या, कारण जेली पूर्ण सुटायची असेल तर फाटणं नंतरही होतं. मधल्या काळात नवे ठिपके किंवा सावली दिसली, तर ती तारीख यायची वाट बघायची नाही.